प्रभूच्या सहवासात जगलेले कवी : नारायण वामन टिळक



आमच्या इंदूरच्या मंडळीतील एका तरुणाने काही दिवसांपूर्वी आम्हांस एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. हा मुलगा आपल्याच शब्बाथशाळेत वाढलेला, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालेला. तो कोठेतरी दहा दिवसांच्या मौन-शिबिराला जाऊन आला होता. त्याचे म्हणणे असे की, तेथे जी शांतता मिळाली ती आपल्या मंदिरात कधी मिळाली नाही. आपल्याकडे गायन आहे, संदेश आहे, सूचना आहेत, वर्गणी आहे. पण देवाजवळ गप्प बसायला कोणी शिकवीत नाही. ख्रिस्ती माणसाला अशी काही वाट आहे की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते.

आम्ही त्याला पवित्र शास्त्रातील चार दाखले दिले. दाखले बरोबर होते, पण उत्तर अपुरे होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. खरे सांगायचे तर आमची स्वतःची प्रार्थनाही पुष्कळदा वाण्याच्या यादीसारखी असते. हे पाहिजे, ते पाहिजे, अमक्याला बरे कर, तमक्याला नोकरी दे, आमेन. ज्याने यादी लिहून घ्यायची त्याच्याजवळ घटकाभर बसावे, असे आमच्याही मनात क्वचितच येते.

त्या रात्री आम्ही उपासना संगीत उघडून बसलो. पाने उलटताना पुन्हा पुन्हा एकच नाव दिसू लागले. ज्यांची गीते आपण रविवारी रविवारी गातो, लग्नात गातो, कबरस्तानात गातो, तो माणूस याच वाटेने चालून गेला आहे आणि आपण त्याच्या चाली तेवढ्या पाठ केल्या आहेत, असे वाटले. म्हणून या महिन्यात कविवर्य नारायण वामन टिळक यांच्या चरित्राकडे आपण या एका बाजूने पाहू या. प्रभूचा सहवास त्यांना कसा लाभला, आणि संसाराच्या धबडग्यात तो त्यांनी कसा टिकविला?

आईचे देणे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव कडक. आई जानकीबाई मात्र भाविक व हळव्या मनाच्या. त्यांना कवितेची आवड होती. देवाचे नाव आणि गाणे ही दोन्ही मुलाला एकाच मांडीवर मिळाली. परंतु मुलगा साधारण अकरा वर्षांचा असतानाच ही माउली गेली आणि घराचे घरपण सरले.

पुढे आयुष्यभर टिळकांनी प्रभू येशूला ज्या नावांनी हाक मारली त्यांत आई हे नाव किती जवळचे होते, हे त्यांची भक्तिगीते गाणाऱ्यांना ठाऊक आहे. लहानपणी हरवलेली माया त्यांना मोठेपणी ख्रिस्ताच्या ठायी सापडली, असे म्हटले तर चूक होणार नाही. देव आपल्या जिवाच्या ज्या जागी पोकळी असते, पुष्कळदा नेमका त्याच जागी येऊन बसतो.

आईच्या पश्चात मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृताचा चांगला अभ्यास केला. वाणी गोड, स्मरणशक्ती तल्लख, कविता तर श्वासासारखी. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. याच पुढे आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

लग्न झाले तरी पाय एका जागी ठरेनात. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी काहीच नाही. कोणाला न सांगता घरातून निघून जावे आणि महिनोन्‌महिने पत्ता नसावा, असेही घडे. नागपुरास अप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी धर्मग्रंथांचे काम केले आणि ऋषी नावाचे मासिक चालविले. बाहेरून पाहणाऱ्याला हा चंचलपणा वाटे. आतून मात्र एक तळमळ होती. या देशाला वर उचलील असा धर्म कोणता आणि माझ्या जिवाला विसावा कोठे, हे दोन प्रश्न त्यांच्या मनात एकत्रच नांदत होते.

आगगाडीतील भेट

१८९३ साली टिळक नोकरीच्या शोधात नागपुराहून राजनांदगावकडे आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्या काळी गोरा माणूस आपल्या लोकांशी कसा वागे हे सांगावयास नको. पण या गृहस्थांनी आदराने जागा दिली, संस्कृत काव्याविषयी गोष्टी काढल्या आणि हळूहळू बोलणे धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून ते निघून गेले. एकमेकांचे नाव विचारायचेही राहून गेले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. ज्याच्या हातून एवढे मोठे कार्य झाले तो निनावी राहिला. त्याने वाद जिंकला नाही. एक जागा दिली, एक पुस्तक दिले, एवढेच.

टिळकांना ते पुस्तक फारसे आवडले नव्हते, पण वाचीन म्हणून शब्द दिला होता. हाती पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्यासारखे वाटेल तेथे खूण करीत ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच अडकले. ते पुढे जाऊ देईना आणि पुस्तक खाली ठेववेना. त्या तीन अध्यायांतील प्रीतीने या पंडिताला धरले.

प्रियजनहो, हा केवळ मतपरिवर्तनाचा प्रसंग नाही. अनेकांनी ते प्रवचन वाचले आहे, आम्हीही पुष्कळदा वाचून दाखविले आहे. टिळकांनी ते एखाद्याच्या तोंडून ऐकावे तसे वाचले. पुस्तकामागून एक व्यक्ती बोलू लागली. शास्त्राचे मनन ज्याला म्हणतात ते हेच. पाने किती झाली हे न मोजता, जेथे वचन आपल्याला धरील तेथे थांबणे.

किंमत

अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे अमेरिकन मिशनच्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना आनंद झाला, पण त्या आनंदाची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली, हे आपण विसरता कामा नये. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा. पदरी लहानगा दत्तू. समाजाची बोलणी, नातेवाइकांचा धाक, स्वतःच्या मनातला सोवळे-ओवळ्याचा पहारा. चार वर्षांहून अधिक काळ दोघे वेगळी राहिली. त्यातला काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला.

टिळकांनी पत्नीला सोडले नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले, आणि बळजबरी केली नाही. या वर्षांत त्यांनी देवापाशी काय मागितले असेल याची कल्पना ज्यांच्या घरात अविश्वासाने किंवा दुराव्याने भिंत उभी राहिली आहे त्यांनाच येईल. अशी घरे आपल्या मंडळ्यांतही आहेत. अशा वेळी प्रार्थना म्हणजे उत्तर मिळविण्याचे साधन राहत नाही, वाट पाहत देवाजवळ बसणे एवढेच तिचे रूप उरते.

पुढे लक्ष्मीबाई आल्या. आधी स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी. मग एके दिवशी त्यांच्या मनात विचार सुरू झाला. ही माणसामाणसांतली जात देवाने केली की माणसाने? कोणी प्रवचन केले नाही. त्या स्वतःशीच विचार करीत राहिल्या आणि विचाराच्या शेवटी तो पहारा आपोआप उठला. आता कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ शकत होत्या. १९०० साली राहुरी येथे त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. देव मौनात बोलतो हे आम्हांस पटविण्यास हा एक प्रसंग पुरेसा आहे. टिळकांना तो आगगाडीत व पुस्तकात भेटला, लक्ष्मीबाईंना चुलीपाशी आणि पाण्याच्या तांब्यापाशी.

कोरडा काळ आणि जुना पूल

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. डॉ. ह्यूम यांच्या देखरेखीखालील ईश्वरविज्ञान शाळेत ते शिकवू लागले. व्याख्याने, वाद, लेख, कविता, कामाला तोटा नव्हता. परंतु देवाचे काम पुष्कळ आणि देवाचा सहवास थोडा, असा एक काळ सेवकांच्या आयुष्यात येतो. टिळकांच्याही आला. नव्या धर्माबरोबर त्यांनी परक्या चालीरीती, परकी भाषा आणि परकी विचारपद्धतीही बरीचशी स्वीकारली होती. जुन्या संतवाङ्मयाकडे पाठ फिरविली होती. बुद्धीला खाद्य मिळत होते, पण आईच्या मांडीवर ऐकलेले गाणे आटले होते.

मग ते पुन्हा तुकोबा-ज्ञानोबांकडे वळले. त्यांच्यात ख्रिस्ताच्या ऐवजी दुसरा तारणारा शोधायला नव्हे. तारणारा त्यांना सापडला होता. त्याच्याशी बोलावयाची मायबोली त्यांना हवी होती. पुढे ते स्वतःच सांगत असत की, आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो ते तुकारामाच्या पुलावरून. अभंगाचा छंद, कीर्तनाची पद्धत, भक्ताने देवाशी रुसावे, हट्ट करावा, त्याच्या गळ्यात पडावे ही मोकळीक या सर्वांचा त्यांनी प्रभूसाठी उपयोग केला. अभंगांजली याच वाटेवरची. चर्चमध्ये खुर्च्या-बाकांवर बसून परक्या चालीवर गाणारी आपली मंडळी त्यांच्यामुळे टाळ हाती घेऊन गाऊ लागली. आपल्या शहरात दिवसभर हिंदी बोलणारी आपली मुले रविवारी मराठीत प्रार्थना करतात, यातही टिळकांचा वाटा मोठा आहे. बाजाराची भाषा कोणतीही असो, देवाजवळ रडण्याची भाषा आईचीच असते.

घर हीच तपोभूमी

आता वाचक म्हणतील, कवी होते, विद्वान होते, त्यांना ध्यान साधले. आम्हां संसारी माणसांचे काय?

तर टिळकांचे घर कसे होते ते लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत कसलीही झाकपाक न करता लिहून ठेवले आहे. ज्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. हातात पैसा टिकत नसे. पगार आला की कोणा गरजूला दिला, पुस्तकांवर खर्च झाला, आणि घरात पीठ आहे की नाही याचा पत्ता नाही. स्वभाव भडक्या. क्षणात संताप, क्षणात पश्चात्ताप. सदा पाहुण्यांची ये-जा. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात, ज्याला आपल्याकडील जुनी माणसे छप्पनिया म्हणत, राहुरीस अनाथ मुले आली आणि टिळक पतिपत्नींनी त्यांच्या सेवेत स्वतःला वाहून घेतले. आपल्या माळव्यातही त्याच दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना मिशनने आश्रय दिला. आज आपल्यातल्या काही कुटुंबांचा इतिहास तेथूनच सुरू होतो. पुढे बालकवी ठोमरेही टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले.

अशा घरात ध्यानासाठी वेगळी खोली कोठून असणार? टिळकांची प्रार्थना रडणाऱ्या पोरांच्या, उधारीच्या आणि स्वतःच्याच रागाच्या शेजारी वाढली. आम्हांला यात मोठे समाधान आहे. त्यांचा राग एका दिवसात गेला नाही. प्रभूच्या सहवासाने ते देवदूत झाले, असे त्यांच्या पत्नीने लिहिले नाही. पण राग आल्यावर परत कोठे जायचे ते त्यांना कळले होते. संतपण म्हणजे न पडणे नव्हे. पडल्यावर कोणाच्या पायांशी जाऊन पडायचे हे ठाऊक असणे, ते संतपण.

फुलांकडे पाहणे

महाराष्ट्राने टिळकांना फुलामुलांचे कवी म्हटले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना तेवढेच ओळखतो. पण ज्या प्रवचनाने त्यांना धरले त्याच प्रवचनात प्रभूने आपल्या शिष्यांना आकाशातील पाखरांकडे पाहायला आणि रानातील फुलांचा विचार करायला सांगितले आहे. आपण त्या वचनावरून चिंता करू नये हा बोध काढतो आणि फुलाकडे पाहायचे विसरतो. टिळकांनी ती आज्ञा अक्षरशः पाळली. ते पाहत बसले. फूल पाहता पाहता ज्याने फूल घडविले त्याच्यापाशी पोहोचले.

वनवासी फूल या त्यांच्या दीर्घ काव्यात रानात एकांती राहणारे फूल आणि कवी यांचा संवाद आहे. जगापासून दूर राहावे की जगात येऊन उपयोगी पडावे, हा त्यातला प्रश्न. टिळकांच्या आयुष्याचा प्रश्नही हाच होता आणि आमच्या त्या तरुण मित्राचाही हाच. टिळकांनी एकांत नाकारला नाही, पण एकांतात सापडलेला सुगंध बाजारात आणून वाटला. प्रभू येशूही पहाटे उठून एकांती जात असे आणि मग खाली उतरून रोग्यांच्या गर्दीत शिरत असे. दोन्ही मिळून एकच जीवन होते.

सातारचा दरबार

वय वाढू लागले तसा हा सहवास गाढ होत गेला. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते, नाव झाले होते, मिशनचा पगार होता. माणसे अशा वयात घर बांधतात. टिळकांना मात्र आतून वेगळी हाक ऐकू येत होती. १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व एका बंधुत्वात यावे, परकेपणाचा पडदा गळून पडावा आणि ख्रिस्त या देशाला आपलासा वाटावा, हा त्यांचा हेतू होता.

यावर टीका झाली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना सोबत घेणे म्हणजे मंडळीचे कुंपण मोडणे, असे काहींना प्रामाणिकपणे वाटले. आम्ही स्वतः बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी लेखीत नाही आणि टिळकांनी तर त्यासाठी घरदार पणाला लावले होते. परंतु त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे आम्हांला जमत नाही. ज्याला निनावी प्रवाशाने जागा दिली, तो इतरांना जागा देऊ इच्छीत होता.

हा संन्यासही पाहा कसा होता. संन्यास म्हणजे बायकोमुलांना टाकून रानात जाणे, हा जुना अर्थ. तरुणपणी टिळक घर टाकून कितीदा तरी गेले होते, तेव्हा त्यांना देव सापडला नव्हता. आता त्यांनी पगार, मान आणि मीपणा टाकला, माणसे टाकली नाहीत. तरुणपणचे भटकणे आणि वार्धक्याच्या उंबरठ्यावरचा हा त्याग यांतले अंतर हीच त्यांच्या आध्यात्मिक जीवनाची खरी मोजणी आहे.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक प्रभूजवळ गेले. ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले. साडेदहा अध्याय झाले होते. जी पत्नी एकेकाळी त्यांच्या ख्रिस्ती होण्याने उन्मळून पडली होती, तिनेच पुढे लेखणी हाती घेऊन चौसष्ट अध्याय रचले. उरलेले पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केले. शाळेत न गेलेल्या त्या बाईने हे केले! एका माणसाच्या प्रार्थनेचे फळ कोणत्या झाडाला लागेल हे सांगता येत नाही. टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे विन्स्लो साहेब यांनीही १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढून भारतीय पद्धतीच्या आश्रमजीवनाची वाट धरली.

ही वाट आपली आहे काय?

काही मंडळींना ध्यान, मनन, मौन हे शब्द ऐकले की भीती वाटते. हे दुसऱ्यांच्या धर्मातले, किंवा रोमन कॅथलिकांचे, असे म्हणून ते बाजूला सारतात. दुसरीकडे आमच्या त्या मुलासारखे तरुण तहान लागली म्हणून दुसऱ्याच्या विहिरीवर जातात. दोघांनाही टिळकांचे चरित्र उत्तर देते असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट, टिळकांचे ध्यान म्हणजे मन रिकामे करणे नव्हते. त्यांचे मन एका व्यक्तीने भरलेले होते. त्या व्यक्तीला नाव आहे, तिच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत. जेथे कोणी नाही अशा शांततेत बसणे वेगळे, आणि आपल्यावर प्रीती करणाऱ्याजवळ न बोलता बसणे वेगळे.

दुसरी गोष्ट, ही साधना करून पुण्य मिळवायचे नाही. तारण कृपेने आहे. मूल आईच्या कुशीत शिरते ते आईने आपले व्हावे म्हणून नव्हे, ती आपली आहेच म्हणून.

तिसरी गोष्ट, या सहवासाची परीक्षा डोळे मिटल्यावर होत नाही, उघडल्यावर होते. बेथानीतील मरीया प्रभूच्या पायांशी बसली हे चांगले. पण उठल्यावर मार्थेला हात लावायलाच हवा. टिळकांची भक्ती अनाथ मुलांपर्यंत, जातीबाहेरच्या माणसापर्यंत आणि नोकरीच्या राजीनाम्यापर्यंत पोहोचली, म्हणून ती खरी.

मग आपण काय करावे? मोठे काही नाही. सकाळी एक वचन किंवा टिळकांच्या गीताची एक ओळ मनात घ्यावी आणि दिवसभर सोबत न्यावी. कणीक मळताना, बसच्या रांगेत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत ती हलकेच पुन्हा आठवावी. आमच्या मंडळीत एक वृद्ध बंधू होते, हुकुमचंद मिलमध्ये कामाला. ती मिल १९९१ साली बंद पडली. ते सांगत की, यंत्रांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून आपण पाळीभर मनातल्या मनात गीत म्हणत प्रभूशी बोलत असू. मिल बंद झाली, हक्काचे पैसे अडकले, वर्षे गेली. पण हे बोलणे बंद झाले नाही. ते बोलताना त्यांच्या तोंडावर जी शांती असे ती आम्ही पाहिली आहे. दहा दिवसांचे मौन त्यांना कोणी दिले नव्हते. भोंग्यापासून भोंग्यापर्यंतच्या गोंगाटात त्यांनी ते मिळविले होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. पाठ संपल्यावर मुलांना दोन मिनिटे गप्प बसवा. शिक्षा म्हणून नव्हे, भेट म्हणून. एखादे फूल, एखादे पान त्यांच्या हाती द्या आणि नुसते पाहायला सांगा. पाहून काय वाटले ते प्रभूला मनात सांगू द्या. टिळकांना हे फार आवडले असते. मुले चुळबुळ करतील, हसतील. हरकत नाही. पुढच्या रविवारी थोडी कमी हसतील.

त्या तरुणाला आम्ही हे सर्व एकदम सांगितले नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेच्या आधी आम्ही काही जण पंधरा मिनिटे लवकर येऊन वेदीसमोर स्वस्थ बसू लागलो, एवढेच. पहिल्या दिवशी बाहेरच्या रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते आणि आमच्या मनात घरातल्या बिलाचा हिशेब चालला होता. दुसऱ्या बुधवारीही तसेच. तो मुलगा कधी येतो, कधी येत नाही. आला की मागच्या बाकावर बसतो. आम्ही त्याला काही विचारीत नाही. आगगाडीतल्या त्या गृहस्थांनीही जागा दिली होती, पुस्तक दिले होते, आणि बाकीचे प्रभूवर सोडले होते.

प्रभू आपल्या सर्वांस त्याच्या पायांशी बसण्याची गोडी लावो, आणि तेथून उठून एकमेकांचे ओझे वाहण्याचे बळ देवो. आमेन.